पेस्टरच्या पायातला दोर

‘अनॉय, पेस्टर आणि हॅरॅस यांत फरक काय? तिन्हींचा अर्थ त्रास देणे असाच ना?’ असा प्रश्न आला आहे.

नाही! लिफ्ट बंद पडली की ‘आज फार हॅरॅस झालो’ म्हणणारी माणसं सारखी भेटतात आणि दर वेळी ते कानाला खुपतं. लिफ्ट कुणाला हॅरॅस करत नाही. त्यासाठी हात धुऊन मागे लागलेला माणूसच लागतो, समोरचा घाबरावा, खचावा असं पुन्हा पुन्हा वागणारा. कायद्यात या शब्दाला वजन आहे ते त्यामुळे. अनॉय म्हणजे नुसतं डोकं उठवणं. ते डासही करतो.

खरी गंमत पेस्टरमध्ये, म्हणजे काही मागत सारखा पिच्छा पुरवण्यात, आहे. पेस्ट म्हणजे कीड, तिच्यावरून पेस्टर, असं भलेभले छातीठोकपणे सांगतात. साफ चूक. हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला आणि त्याच्या मुळाशी आहे लॅटिन ‘पास्तोरिया’, म्हणजे चरायला सोडलेल्या जनावराच्या पायांतला दोर. आपला पायबंदच की! चर्चमधला पास्टर म्हणजे मुळात मेंढपाळ, तोही याच कुळातला. इंग्रजीत पेस्टरचा आधीचा अर्थ अडकवणे, गर्दीने कोंडणे असा होता. इंग्रज कवी मिल्टनच्या १६३४ सालच्या ‘कोमस’ या काव्यनाटकात माणसं या पृथ्वीवर ‘पेस्टर्ड’ आहेत, आणि कुठे, तर ‘पिनफोल्ड’मध्ये, म्हणजे चक्क कोंडवाड्यात! तिथे कीड कुठून आणणार? पुढे पेस्टशी उच्चार जुळला म्हणून अर्थ उपद्रवाकडे झुकला, एवढं मान्य. पण तो शेजाऱ्याचा गुण, रक्ताचं नातं नव्हे.

माझं तर मत आहे की इंग्रजीतल्या त्रासाच्या शब्दांची नाळ गोठ्यात शोधावी. टीज म्हणजे मुळात लोकर पिंजणं. वरी (worry) म्हणजे आधी गळा आवळणं, मग कुत्र्याने मेंढीची मानगूट धरून तिला झिंजाडणं. मेंढ्यांवर कुत्रा पडला तर इंग्रज शेतकरी आजही वरी हाच शब्द वापरतो. कोशकार प्रत्येक शब्दाची व्युत्पत्ती सुटी देतात आणि हा कळप कुणाला एकत्र दिसत नाही.

इंग्रजी-मराठी कोश तर या सगळ्यांपुढे ‘सतावणे’ लिहून मोकळे होतात. अहो, पेस्टरसाठी ‘पायांत घोटाळणे’ लिहा ना! ‘घेऊन दे ना, घेऊन दे ना’ करत पोर पायांत घोटाळतं, आईला पाऊल उचलता येत नाही. दोर तिथे अजून शाबूत आहे.