बाबांचं शेवटचं आजारपण आणि जर्मनीची नोकरी

तुम्ही लिहिलंय की पुण्यात बाबांचा कर्करोग शेवटच्या टप्प्यावर आहे, डॉक्टरांनी काही महिने सांगितलेत, म्युनिकच्या कंपनीचं नेमणूकपत्र आलंय आणि बाबा स्वतःच ‘जा’ म्हणताहेत. वर तुमचा देवावरचा विश्वासही उडालाय. मी बरीच वर्षं श्टुटगार्टला आहे, आणि माझे वडील गेले तेव्हा माझीही अशीच ओढाताण होती.

माझं मत: जा, पण आत्ता नको. रुजू होण्याची तारीख पुढे मागा. जर्मनीत पूर्ण वार्षिक रजेचा हक्क 6 महिने नोकरी झाल्यावर मिळतो; तोवर दर महिन्याला बारावा हिस्सा साठतो. पाच दिवसांच्या आठवड्याला कायद्याने वर्षाला किमान 20 दिवस रजा, म्हणजे पहिल्या तीन महिन्यांत 5 दिवस. कंपनी जास्त देत असेल तरी फार फरक पडत नाही. याच काळात बहुधा प्रोबेशन असतं, आणि त्यात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर नोकरी जाऊ शकते. डॉक्टरांनी सांगितलेले महिने आणि हे महिने एकच आहेत.

आता श्रद्धेचं. माझे वडील माळकरी, वर्षानुवर्षं आळंदीहून पायी पंढरपूरला जाणारे. दुखणं हाडांत उतरलं आणि त्यांच्या तोंडचं नाम थांबलं. नुसतं कण्हणं ऐकू यायचं. मी कधीच फार देवाधर्माची नव्हते, तरी त्यांचं नाम बंद झालेलं मला सहन होईना. एक नातेवाईक म्हणाले, भोग आहेत, भोगूनच संपवायचे. दुसऱ्यांना वाटलं, भक्ती कमी पडली. या बोलण्याचा मला तेव्हा संताप आला, आजही येतो. मग मॉर्फिनच्या गोळ्या सुरू झाल्या, दर चार तासांनी, घड्याळ लावून. थोड्याच दिवसांत त्यांना झोप लागू लागली आणि एका पहाटे त्यांनी टाळ मागितले. हातात धरवत नव्हते, उशाशी ठेवले. श्रद्धा होती तिथेच होती. वेदना तिला तोंड उघडू देत नव्हती.

म्हणून देवाचा निकाल लावण्याआधी बाबांचं दुखणं थांबवा. मॉर्फिन म्हटलं की घरचे घाबरतात, व्यसन लागेल म्हणतात. कर्करोगाच्या वेदनेसाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते देतात, मात्रा हळूहळू ठरवतात. पुण्यातल्या वारज्याचं सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर 1997 पासून हेच काम विनामूल्य करतं. तिथे या आठवड्यातच जाऊन या.

बाबा शुद्धीत आहेत तोवर त्यांनाच विचारा: व्हेंटिलेटर हवा का? शेवट घरी की रुग्णालयात? शेवटच्या उपचारांबद्दलचं असं इच्छापत्र (लिव्हिंग विल) सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये मान्य केलं आणि 2023 मध्ये त्याची पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर ते करता येतं. अग्नी कोणी द्यायचा हेही विचारा. विचारताना जीभ जड होते, पण विचाराच. माझ्या वडिलांनी चारचौघांत माझं नाव घेऊन ठेवलं होतं, म्हणून मुलगी असूनही गावात कोणी मला अडवलं नाही.

तुमचा विश्वास परत येईल का, हे मी कशी सांगू? त्यांच्याजवळ बसायला मात्र तो लागत नाही. शेवटी शेवटी वडिलांचा श्वास पुरेना. ते ‘राम’ म्हणायचे, पुढचं ‘कृष्ण हरी’ मी. आजही मी देवापुढे हात जोडताना अडखळते. पण त्या खोलीत मी घेतलेलं नाम खोटं होतं असं मला कधी वाटलं नाही. त्यांना ते हवं होतं आणि मला वडील हवे होते.

बाबा ‘जा’ म्हणताहेत, कारण आपल्या आजारपणामुळे लेकराचं अडलेलं कुठल्याच बापाला बघवत नाही. कंपनीचं तारीख वाढवल्याचं पत्र त्यांना वाचून दाखवा, त्यांच्या जिवाला बरं वाटेल. कंपनीला कारण सरळ लिहा, सोबत डॉक्टरांचं पत्र जोडा, आणि व्हिसाचा अर्ज झाला असेल तर दूतावासालाही नवी तारीख कळवा. जर्मनमध्ये मसुदा हवा असेल तर सांगा, मी आजच लिहून देते.