इलेक्ट्रिक फोर्कलिफ्टची बॅटरी दुपारीच उतरते. ऑपरेटर मशीन रेटून चालवतो म्हणून असे होते का?

आपली ४८ व्होल्टची लेड-अॅसिड बॅटरी अडीच वर्षांची आहे, रात्रभर चार्ज करूनही दुपारी दोनला उतरते आणि साहेब ऑपरेटरला दोष देतात, असे आपण लिहिले आहे. चाकणच्या एका कारखान्यात मी देखभाल विभागात असताना नेमके हेच कारण पुढे करून एका उत्तम ऑपरेटरला मशीनवरून उतरवून पॅकिंगला पाठवण्यात आले होते.

तेथे दुसरी पाळी सुटताना, चार्जिंगला लावण्यापूर्वीच, हेल्परने सर्व सेलमध्ये, म्हणजे बॅटरीच्या दोन-दोन व्होल्टच्या चोवीस कप्प्यांमध्ये, गळ्यापर्यंत डिस्टिल्ड वॉटर भरावे, म्हणजे सकाळचा वेळ वाचतो, असा साहेबांचा आदेश होता. मी त्याला विरोध केला आणि तो नोंदवहीत लिहूनही ठेवला. चार्जिंगच्या अखेरीस सेलमध्ये वायू सुटू लागतो, द्रावणाची पातळी चढते आणि तिला जागा उरलेली नसेल, तर आम्ल झाकणातून बाहेर येते. पुढच्या खेपेला त्या जागी पुन्हा पाणीच जाते, म्हणजे दर वेळी आम्ल थोडे अधिक पातळ होते. सीट उचलून मी पाहिले, तेव्हा ट्रे ओला होता, टर्मिनलवर हिरवट-पांढरा थर चढला होता आणि ट्रेच्या कडेचा रंग बोटाने खरवडताच पापुद्र्यासारखा निघत होता. पूर्ण चार्जिंगनंतर ग्रॅव्हिटी, म्हणजे हायड्रोमीटरने मोजलेली आम्लाची पाण्याच्या तुलनेतील घनता, १.२८०च्या आसपास यायला हवी. चोवीसपैकी बहुतेक सेल १.२२०वर होते आणि तीन तर १.१८०च्याही खाली. अशा बॅटरीवर कोणीही मशीन चालवले असते, तरी ते दुपारीच थांबले असते. मी चोवीस आकड्यांचा कागद साहेबांपुढे ठेवला. त्यांनी तो न वाचताच बाजूला सारला आणि तो ऑपरेटर पॅकिंगलाच राहिला.

माझे मत स्पष्ट आहे: बॅटरी बहुधा चार्जिंग रूममध्ये मरते, चालवताना नाही. प्लेटा उघड्या पडल्या असतील, तर चार्जिंगपूर्वी त्या बुडतील इतकेच पाणी घालावे. पातळी पुरी करायची ती चार्जिंग झाल्यावरच. गोल्फ कार्टच्या लेड-अॅसिड बॅटऱ्यांनाही हाच नियम लागू आहे. ऑपरेटरचा दोष मी एकाच बाबतीत मानतो, तो म्हणजे चार्ज वीस टक्क्यांखाली गेल्यावरही मशीन ओढत राहणे; पण पाळीत माल हलवण्याची घाई कोण लावतो, हेही त्याच वेळी विचारले पाहिजे.

आपण आधी सर्व सेलची ग्रॅव्हिटी लिहून काढावी. एक-दोनच सेल मागे असतील, तर तेवढे बदलून भागू शकते. सगळेच सारखे खाली असतील, तर इक्वलायझिंग चार्ज (सर्व सेल समान पातळीवर आणणारे मुद्दाम लांबवलेले चार्जिंग) देऊन पुन्हा मोजावे आणि मगच नव्या बॅटरीचा विचार करावा. तो कागद साहेबांना देताना पाणी कोण, केव्हा आणि कोणाच्या सांगण्यावरून भरतो, हेही त्यावर लिहावे.

हे आधीच सांगायला हवे होते: मोजताना चष्मा व रबरी हातमोजे घालावेत, अंगठी काढून ठेवावी आणि चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन सुटत असल्याने जवळ ठिणगी पडू देऊ नये. नुकतेच पाणी भरले असेल, तर ते वरच तरंगते आणि हायड्रोमीटर खोटे वाचन देतो. त्यामुळे पुढचे चार्जिंग पूर्ण झाल्यावरचेच आकडे धरावेत.