शनिवार द्यायचा की नाही

प्रिय,

दिघ्याच्या वस्तीतल्या अभ्यासवर्गात शनिवारी शिकवायला जाऊ का, असं तू विचारलंस, आणि आई नको म्हणते हेही लिहिलंस. मेसेजमध्ये दोन ओळींत उत्तर देण्यासारखी ही गोष्ट नाही, म्हणून पत्र लिहिते.

तुझी तळमळ मला ठाऊक आहे, त्याबद्दल मी काही विचारत नाही. मी एवढंच विचारते की पुढच्या मार्चपर्यंत जवळजवळ दर शनिवारी तू तिथे असशील का? 'जाऊ का' याचं उत्तर माझ्या मते यावरच ठरतं.

अशा वर्गांना जूनमध्ये शिकवायला येणाऱ्यांची कमतरता नसते. गणपतीपर्यंत बरेच जण गळतात आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर दोघं-तिघं उरतात. चौथीत जाऊनही जोडाक्षरांशी अडखळणारं मूल अनोळखी माणसासमोर मोठ्याने वाचत नाही. चुकलो तर हसतील, ही धास्ती त्याच्या मनात असते. ती भीड चेपायलाच कितीतरी आठवडे जातात. मग एखाद्या दिवशी ते आपणहून पुस्तक पुढे करतं आणि म्हणतं, "ताई, मी वाचू?" नेमकी त्याच सुमाराला ताई यायची थांबली, तर पुढच्या ताईला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते, आणि या खेपेला मूल जास्त सावध असतं. तीन ताया येऊन गेल्या की ते चौथ्या ताईचं नावसुद्धा विचारत नाही. असे चेहरे मी पाहिलेत, म्हणून इतकं ताणून सांगते आहे.

वर्ग चालवणाऱ्या संस्थेच्या कार्यकर्तीचाही विचार कर. नव्या माणसाला वस्ती दाखवायची, पालकांशी गाठ घालून द्यायची, आणि तो न सांगता आला नाही की त्याच्या गटातली मुलंही आपल्याच गटात बसवायची. अधूनमधून येणाऱ्या माणसामुळे तिचं काम वाढतंच.

तीन हात नाक्याच्या पुलाखालची सिग्नल शाळा तू पाहिली आहेस. समर्थ भारत व्यासपीठ आणि ठाणे महापालिका यांनी २०१६ साली ती कंटेनरमध्ये सुरू केली. सिग्नलवर वस्तू विकणारी मुलं शाळेपर्यंत पोचत नव्हती, म्हणून शाळाच त्यांच्यापाशी गेली. लोक कंटेनरचं कौतुक करतात. मला जास्त मोल वाटतं ते तिथे शिक्षक रोज हजर असतात याचं.

आता तुझ्या सोयीचं. ऑफिस घणसोलीला, घर ठाण्याच्या नौपाड्यात, म्हणजे दिघा तुझ्या वाटेवरच आहे. जानेवारी २०२४ पासून दिघा गाव स्टेशन सुरू झाल्यामुळे ऐरोलीला उतरून मागे यायची गरज उरली नाही. हे मी फार महत्त्वाचं मानते. आठवड्याची सुट्टी खाऊन कर्जतपर्यंत जावं लागणारं काम कितीही आवडलं, तरी सहसा टिकत नाही.

होकार देण्याआधी तीन शनिवार नुसती जाऊन बस. त्यातला एक तरी जुलैतल्या मुसळधार पावसातला असू दे. संस्थेचा सार्वजनिक न्यास म्हणून नोंदणी क्रमांक विचार, गेल्या वर्षीचा लेखापरीक्षण अहवाल बघायला माग. १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याप्रमाणे न्यासांना हिशेब ठेवावे लागतात, तेव्हा मागायला संकोच करू नकोस. त्यांनीही तुझं ओळखपत्र मागावं, तुझी चौकशी करावी आणि मुलांशी कसं वागायचं याचे नियम सांगावेत. पहिल्याच दिवशी काहीही न विचारता तुला मुलांबरोबर एकटीला सोडलं, तर तिथे जाऊ नकोस. पॉक्सो कायदा, २०१२ खाली मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर पोलिसांना कळवणं तुझ्यावरही बंधनकारक असतं, हे आधीच माहीत असू दे. आणि मुलांचे फोटो स्टेटसवर टाकायचे नाहीत.

परदेशातल्या प्रवेश अर्जासाठी प्रमाणपत्र उपयोगी पडेल, असं तू जरा अवघडून लिहिलंस. त्यात वाईट काही नाही, फक्त ते संस्थेला सांग. 'मी मार्चपर्यंतच आहे' असं पहिल्या दिवशी सांगून ते पाळणारी तरुण माणसं मला फार भरवशाची वाटत आली आहेत. वर्गातल्या मुलांनाही तसंच सांगायचं, म्हणजे निरोपाची तयारी दोन्हीकडे होते.

आईचं म्हणणं अगदीच सोडून देऊ नकोस. तुझा प्रोबेशनचा काळ चालू आहे, आणि शनिवारीही अचानक बोलावतात हे तूच सांगितलंस. नोकरी पक्की होईपर्यंत हा शनिवार तुझ्या हातात नसेल, तर आत्ता नाही म्हण आणि तोवर दुसरं काही कर. संस्थेला एक्सेलमध्ये हजेरीचा तक्ता लावून दे, अहवाल मराठीत नीट टाइप करून दे, दरमहा जमेल तेवढे पैसे दे आणि पावती घे. ही कामं रात्री घरी बसूनही होतात आणि संस्थांना त्यांची खरोखर गरज असते. रक्तदान करायचं असेल तर बायकांना चार महिन्यांतून एकदा करता येतं, त्याला शनिवारही लागत नाही.

मॅनेजरला शनिवारबद्दल या आठवड्यात स्पष्ट विचार. त्याचं उत्तर आलं की मला फोन कर, मग आईशी मी बोलते.

तुझ्या,
बाई