मावशीला स्तनाचा आणि मामांना आतड्याचा कर्करोग, मलाही होईल का?

एकाच वर्षात मावशीला स्तनाचा आणि मामांना मोठ्या आतड्याचा कर्करोग निघाला; हा एकच आजार आहे का आणि मलाही होणार का, असं तुम्ही विचारलंय. मी डॉक्टर नाही. माझ्या आईला स्तनाचा आणि काकांना आतड्याचा झाला होता, त्या दोन आजारपणांत जे समजलं ते सांगते.

आजार दोन वेगळे. कर्करोग जिथे सुरू होतो त्या जागेवरून त्याचं नाव पडतं. स्तनाचा पुढे यकृतात गेला तरी तो स्तनाचाच, उपचारही त्याचेच.

आईला आंघोळ करताना गाठ हाताला लागली. हरभऱ्याएवढी, कडक, दाबली तरी न दुखणारी. "दुखत नाही ना, मग कशाला दाखवायची," म्हणत तिने दिवाळी उरकली, भाचीचं लग्न उरकलं. आम्हाला कळेपर्यंत सहा महिने गेले. स्तनाचा कर्करोग सुरुवातीला बहुतेकदा दुखत नाही, हे आम्हाला कुणी आधी सांगायला हवं होतं. गाठी पुष्कळदा साध्याच निघतात, पण तो निकाल घरी लागत नाही. त्यासाठी मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे) किंवा सोनोग्राफी आणि शंका आली तर बायॉप्सी, म्हणजे सुईने गाठीचा छोटा तुकडा काढून तपासणं. सुई टोचली की रोग पसरतो हे शेजारणीचं ऐकून आम्ही आणखी तीन आठवडे घालवले. तसं काही नसतं.

जाणत्या हाताने केलेली तपासणीही किती कामाची! टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईत सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या जणींना शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासत. पन्नाशीपुढच्या बायकांचे या रोगाने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले.

काकांना शौचावाटे रक्त जायचं. मूळव्याध, उष्णता, असं घरीच ठरलं. ताक-सब्जा सुरू झालं, एका दवाखान्यातून न तपासताच मलम मिळालं. जिना चढताना धाप लागू लागली तेव्हा रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ७, फारच कमी. मग कोलोनोस्कोपी, म्हणजे गुदद्वारातून कॅमेऱ्याची नळी घालून मोठं आतडं आतून पाहणं. हा रोग बहुधा पॉलिपपासून, म्हणजे आतड्याच्या अस्तरावर उगवलेल्या लहानशा कोंबापासून होतो आणि त्याला साधारण दहा वर्षं लागतात. तेवढ्यात तो कोंब दिसला तर कोलोनोस्कोपीतच काढून टाकता येतो. काकांना ती संधी होती, म्हणून अजून जीव तुटतो.

आता तुमचं. बहुतेक कर्करोग आनुवंशिक नसतात. स्तनाच्या बाबतीत ५ ते १० टक्केच. पण पन्नाशीच्या आत झाला असेल किंवा घरात अनेकांना असेल, तर जनुकीय समुपदेशकाला, म्हणजे आनुवंशिक आजारांबद्दल सल्ला देणाऱ्या तज्ज्ञाला भेटावं. मावशी-मामांना आजार कितव्या वर्षी निघाला ते विचारून लिहून ठेवा, डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतील.

आणि एक, तुम्ही स्वतःबद्दल विचारलंत, पण ही दोघं तुमच्या आईची सख्खी भावंडं असतील तर जवळचं नातं आईंचं आहे. डॉक्टरांकडे आधी आईंना घेऊन जा.