लेकीला पहिल्यांदा शिबिराला पाठवताना

ताई, लेक पहिल्यांदाच पाचगणीच्या ख्रिस्ती शिबिराला निघालीय, सोबत काय काय द्यावं, असं विचारलंत. सामानाचं नंतर बघू. आधी तिला दोन-तीन रात्री आजीकडे, तुमच्याशिवाय झोपू द्या. माझा धाकटा पाचगणीच्या शिबिरात दुसऱ्याच रात्री रडला, कारण निघताना मी म्हणाले होते, "नाही करमलं तर लगेच न्यायला येते." त्याच्या डोक्यात तेवढंच घोळत राहिलं. असा शब्द देऊ नका.

पाचगणी सुमारे १३०० मीटर उंचीवर. मे महिन्यातही पहाटे गारठा असतो, स्वेटर हवाच. पसरणी घाटात गाडी लागते, म्हणून वाईच्या अलीकडे पोटभर खायला देऊ नका. औषधं शिबिराच्या ताईंच्या हातात, नाव लिहून.

बायबल मात्र नवं कोरं नको. घरच्या प्रार्थनेत तिनं हाताळलेलंच द्या, पानं दुमडलेली असली तरी. स्तोत्र २३ सहाच वचनांचं आहे. आजपासून झोपताना दोघी मिळून म्हणा. दिवे मालवल्यावर अनोळखी खोलीत माझ्या मुलानं ते पांघरुणात पुटपुटलं आणि त्याला झोप लागली. सगळ्यांसमोर मोठ्यानं प्रार्थना करायला ती लाजली तर लाजू द्या, आधीच धाक घालू नका.

आणि टॉवेलच्या घडीत तुमच्या हातची एक चिठ्ठी ठेवा.