रोज घरी वेळ देऊनही ‘तुझं लक्षच नसतं’ असं का ऐकावं लागतं?

तुम्ही लिहिले आहे की संध्याकाळी सातनंतर तुम्ही घरीच असता, गावी आई-वडिलांना दिवसाआड फोन करता, आणि तरीही तुमचे लक्ष नसते अशी पत्नीची तक्रार आहे. माझ्या मते तुमचा हिशेब आणि त्यांची तक्रार या दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात, कारण तुम्ही वेळ मोजत आहात आणि पत्नी लक्षाबद्दल बोलत आहेत.

लक्ष किती अरुंद असते, हे कॉलिन चेरी या ब्रिटिश संशोधकाने १९५३ मध्ये एका साध्या प्रयोगातून दाखवले. श्रोत्याच्या दोन कानांत दोन वेगळे मजकूर ऐकवायचे आणि त्यांपैकी एकच मोठ्याने म्हणत जायला सांगायचे. दुसऱ्या कानातला आवाज पुरुषाचा होता की बाईचा, एवढे लोकांना नंतर सांगता येत असे. पण तिथे काय बोलले गेले हे तर सोडाच, भाषा मध्येच इंग्रजीची जर्मन झाली होती, हेही त्यांच्या ध्यानात येत नसे. मोबाइलवरचा निरोप वाचता वाचता आपण ‘हं, हं’ म्हणतो, तेव्हा हेच घडत असते. आवाज पोहोचतो, अर्थ पोहोचत नाही, आणि समोरच्याला ते लगेच कळते, कारण आपला हुंकार भलत्याच जागी पडतो.

घरात असे अर्धवट ऐकले जाणारे फुटकळ बोलणे वाटते तितके फुटकळ नसते. अमेरिकेत सिअ‍ॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी राहत्या घरासारखी प्रयोगशाळा उभारून नवविवाहित जोडप्यांचे निरीक्षण केले. ‘आभाळ बघ कसं भरून आलंय’ अशा जातीच्या बोलण्याला जोडीदार प्रतिसाद देतो की नाही, याकडे त्यांनी बारकाईने पाहिले. सहा वर्षांनंतर जी जोडपी एकत्र होती, त्यांनी अशा बोलण्याला सुमारे ८६ टक्के वेळा प्रतिसाद दिलेला होता. जी विभक्त झाली होती, त्यांच्यात हे प्रमाण सुमारे ३३ टक्के होते. या आकड्यांचा गजर करणारे समुपदेशक पुष्कळ आहेत, परंतु ते जपूनच वाचावेत, असे मला वाटते. लक्ष दिल्यामुळे नाते टिकले, की नाते मुळात बरे होते म्हणून लक्ष दिले गेले, हे केवळ निरीक्षणातून ठरत नाही. बहुधा दोन्ही बाजूंनी थोडे थोडे घडत असावे.

मला याहून महत्त्वाचा वाटतो तो १९८० मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास. त्यात प्रशिक्षित निरीक्षक जोडप्यांच्या घरी बसून एकाने दुसऱ्याशी केलेल्या चांगल्या वागण्याच्या नोंदी ठेवत, आणि पती-पत्नीही आपापल्या नोंदी ठेवत. समाधानी जोडप्यांच्या नोंदी निरीक्षकांच्या नोंदींशी बऱ्याच जुळल्या. असमाधानी जोडप्यांच्या नोंदींत मात्र जोडीदाराच्या चांगल्या वागण्यापैकी जवळजवळ निम्मे उतरलेच नव्हते. चहा पुढे आला होता, विचारपूस झाली होती, पण ज्याच्यासाठी हे केले त्याला ते दिसलेच नाही. म्हणजे लक्ष नुसते ‘दिले’ जात नाही, ते निवडही करते. मन एकदा उणिवा टिपायच्या कामाला लागले, की त्याला उणिवाच सापडत जातात, आणि पुढचे वागणे त्या सापडलेल्या उणिवांवर बेतले जाते. तुमच्या पत्नीच्या तक्रारीचा विचार करताना ही शक्यता दोघांच्याही बाबतीत गृहीत धरा. केवळ त्यांच्या बाबतीत धरलीत, तर नवे भांडण ठरलेले आहे.

प्रत्यक्ष काय करावे? आमच्या घरी एक रीत चांगली चालते. हातातले काम सोडता येत नसेल, तर ‘एवढा मेल पाठवतो, पाच मिनिटांत येतो’ असे सरळ सांगायचे आणि खरोखरच उठून जायचे. अर्धवट ऐकण्यापेक्षा असा स्पष्ट नकार कुणालाही कमी लागतो. चोवीस तास कान टवकारून बसण्याची अपेक्षा कुणाची नसते, आणि तसे केलेत तर ती पाळत वाटू लागेल. ‘कुठे आहेस, कुणाबरोबर आहेस’ हे दर तासाला विचारणारेही स्वतःला काळजीवाहूच समजतात.

आई-वडिलांचा प्रश्न थोडा निराळा आहे. ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांच्या मांडणीनुसार माणूस साधारण दीडशे जणांशी ओळखीचे नाते राखू शकतो, पण अगदी जवळची माणसे पाचच्या आसपास असतात आणि संबंध जपण्याला दिलेल्या वेळापैकी सुमारे ४० टक्के त्यांच्याकडेच जातो. तुम्ही हा वाटा वाढवण्याची गरज मला दिसत नाही. गाडी चालवताना केलेले तीन फोन असतील, तर त्यांऐवजी घरी बसून केलेला एक फोन पुरेल, आणि त्यात ‘जेवलात का’ याच्या पुढे जाऊन, गुडघ्याला डॉक्टरांनी दिलेल्या नव्या गोळ्या सोसतात का, बोअरला पाणी टिकून आहे का, असे मागच्या बोलण्याचा धागा धरून विचारा.