श्रीखंडाचे डबे आणि आजोबांची येझदी

प्रश्न : माझा मुलगा यंदा बारावी सायन्स झाला, ५६ टक्के. सीईटीचा निकालही बेताचाच. आम्ही कराडला राहतो. त्याचे बाबा २४ वर्षं एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक आहेत. सासऱ्यांची १९७९ची येझदी मोटारसायकल परसात पत्र्याखाली गंजत पडली होती. गेल्या दिवाळीत मुलानं ती पूर्ण खोलली. तेव्हापासून गच्चीवरच्या खोलीचं गॅरेज झालंय. श्रीखंडाचे, तुपाचे माझे सगळे रिकामे डबे वर गेले. प्रत्येकावर कागद चिकटवून त्यात नटबोल्ट भरून ठेवलेत. म्हणतो, जुन्या गाड्या पुन्हा उभ्या करायचंच काम करणार, अमेरिकेत याची डिग्रीसुद्धा मिळते. बाबा म्हणतात, 'माझे हात काळे झाले तेवढे पुरे. इंजिनिअरिंग घे, नाहीतर बीसीएस.' जेवताना दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. याला करिअर म्हणायचं का? – एक आई, कराड

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रातले टक्के मी एकदा वाचले, डबे मात्र तीनदा. तुम्ही ते तक्रार म्हणून लिहिलंय, पण मुलाबद्दल सगळ्यात जास्त सांगणारी ओळ तीच आहे.

का, ते माझ्याच फजितीवरून सांगतो. कॉलेजात असताना दिवाळीच्या सुट्टीत मी वडिलांची लॅम्ब्रेटा खोलली होती. उत्साह दांडगा, अक्कल बेताची. सगळे नटबोल्ट एकाच घमेल्यात टाकले. मॅग्नेटचं चाक काढायला पुलर लागतो हे कोणी सांगितलं होतं, पण कोण आणणार? हातोडी घेतली आणि चाकाच्या दोन पाती उडवल्या. तुळशीचं लग्न होईपर्यंत घमेल्यातला कुठला बोल्ट कुठला, हे मला सांगता येईना. दोन वर्षांनी ती स्कूटर दोन पोत्यांत भरून भंगारवाल्याकडे वजनावर गेली. वडील काही बोलले नाहीत. त्यांनी पोत्याचं तोंड बांधायला सुतळी तेवढी दिली. मी समुपदेशक झालो ते बरंच झालं म्हणायचं.

म्हणून पहिलं काम तुम्हीच करा. चहा घेऊन वर जा आणि त्या डब्यांवरचे कागद वाचा. 'नटबोल्ट' एवढंच लिहिलं असेल, तर ती नुसती हौस आहे. पण 'डावी बाजू, क्लच, बाहेरून आत' असं काही लिहिलेलं सापडलं, तर तो गाडी खोलतानाच ती परत जोडायचा विचार करत होता. हा गुण शिकवून फारसा येत नाही. मी पंचवीसेक वर्षं मुलांशी बोलतोय. 'मला गाड्यांची आवड आहे' असं निम्मी मुलं म्हणतात. त्यातल्या बहुतेकांची आवड गाडी चालवण्याची असते.

दुसरा प्रश्न त्याला विचारा : काम कुठे अडलंय? दिवाळीला खोललेली गाडी जूनमध्ये डब्यांतच असेल, तर ती कुठेतरी अडलेली आहे. हौशी माणसाची गाडी बहुधा ठरलेल्या जागीच अडते. खोलणं फुकटात होतं. मग कळतं की क्रॅंकची बेअरिंग बदलायला प्रेस आणि ती सरळ बसली की नाही हे बघणारा माणूस लागतो, सिलिंडर बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन घालावा लागतो, टाकीला आतून गंजाची चाळण झालेली असते आणि निकेलचा मुलामा देणारा म्हणतो, पुढच्या महिन्यात या. इथून पुढे चिकाटी आणि पैसे दोन्ही लागतात. बहुतेकांची हौस इथेच संपते, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

आता करिअरचं बोलू. तुमच्या चिरंजीवांचं म्हणणं खोटं नाही. अमेरिकेत कॅन्सस राज्यात मॅकफर्सन नावाच्या छोट्या कॉलेजात जुन्या मोटारी पूर्ववत करण्याची चार वर्षांची पदवी खरोखर आहे. तिथे पत्राकाम, रंग, इंजिन, आतली गादी-शिलाई आणि मोटारींचा इतिहास असं सगळं शिकवतात. पण ती डिग्री तिथल्या बाजाराच्या जोरावर उभी आहे. तिथे लाखो डॉलरच्या जुन्या गाड्या आहेत आणि त्यांवर खर्च करणारे मालकही. आपल्याकडे संस्थानिकांच्या गाड्या आहेत. दसऱ्याला कोल्हापुरात छत्रपतींची मेबॅक निघते, ती बघायला तुम्हीही कधी आला असाल. पण अशा गाड्या मोजक्याच, आणि त्यांचे मिस्त्रीही ठरलेले. आपल्या पोरांचं पोट भरायचं ते येझदी, राजदूत, आरएक्स १००, चेतक, बुलेट, पद्मिनी यांच्यावर. आज पन्नाशीत असलेल्या माणसाला वडिलांची चेतक पुन्हा अंगणात उभी हवी असते आणि त्यासाठी तो पैसेही मोजतो. फक्त मुलाला वाटतात तेवढे मोजत नाही.

इथे त्याला एक गणित करायला लावा. समजा, एका गाडीला २५० तास लागले. तासाला २०० रुपये धरले तर नुसती मजुरी ५० हजार झाली. सामान, रंग, निकेल वेगळं. हा आकडा ऐकून दहातले आठ गिऱ्हाईक म्हणतात, 'एवढ्यात नवी गाडी येते की!' मग दर पाडावा लागतो. काम लांबतं, गिऱ्हाईक फोन करून करून थकतं, गॅरेजात पाच गाड्या अर्धवट पडून राहतात. माझ्या ओळखीच्या एकाची बुलेट अशाच एका गॅरेजात दीड वर्ष होती. तो मेकॅनिक लबाड नव्हता, कामात हुशार होता. त्याला हिशेब जमत नव्हता, एवढंच. म्हणून अठराव्या वर्षी 'रिस्टोरेशनचं गॅरेज' या एकाच गोष्टीवर भिस्त ठेवायला मी सांगणार नाही.

मग काय करावं? माझं मत स्पष्ट सांगतो : त्यानं टर्नर व्हावं, म्हणजे लेथ या कातकामाच्या यंत्रावर सुटे भाग बनवणारा कारागीर.

चमकलात ना? मोटर मेकॅनिक का नाही? ऐका. येझदी बनवणारा म्हैसूरचा आयडियल जावाचा कारखाना १९९६मध्ये बंद पडला. म्हणजे तुमच्या घरच्या येझदीचं सामान कंपनीकडून यायचं बंद होऊन जवळजवळ तीस वर्षं झाली. (२०२२पासून येझदी नावानं नव्या गाड्या आल्यात, पण त्यांचं इंजिन फोर-स्ट्रोक, पाण्यानं थंड होणारं. नाव सोडलं तर नात्यातली नव्हे.) बाजारात नक्कल केलेलं सामान मिळतं. त्यातला बुश (शाफ्टवर बसणारी धातूची छोटी नळी) हातात घेतला की छान चकचकीत दिसतो आणि शाफ्टवर चढवला की डुगडुगतो. आजच्या सर्व्हिस सेंटरमध्ये पोरं सुटा भाग बदलायला शिकतात, आणि बदलायला भागच नसला की त्यांचं काम संपतं. जुन्या गाडीला लागतो तो भाग बनवणारा माणूस : लेथवर बुश काढणारा, झिजलेल्या पिनेला हार्ड क्रोम करून पुन्हा मापात आणणारा, आटे गेलेल्या भोकात नवे आटे पाडणारा. पुण्याच्या नाना पेठेत, जुन्या बाजारात, दिल्लीच्या करोल बागेत हिंडून जे मिळत नाही, ते शेवटी कुठल्यातरी लेथवरच तयार होतं.

आणि टर्नरला येझदीच्या गिऱ्हाइकाची वाट बघत बसावं लागत नाही. कराडपासून कोल्हापूर तास-दीड तासावर. शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथे फाउंड्र्या आणि मशीन शॉपच्या रांगा आहेत. हातात कसब असलेला टर्नर तिथे सहसा रिकामा बसत नाही. पोट त्यावर भरेल, जुन्या गाड्या रविवारी. पाच-सात वर्षांनी रविवारचं काम सोमवारवर सांडायला लागलं, तर गॅरेजचं तेव्हा बघता येईल.

रस्ताही सोपा आहे. आयटीआयचा टर्नर ट्रेड दोन वर्षांचा. प्रवेश दहावीच्या गुणांवर होतो, त्यामुळे बारावीचे ५६ टक्के इथे आडवे येत नाहीत. सरकारी आयटीआयची फी तुम्हाला जड जाणार नाही. नंतर शिकाऊ उमेदवारी करावी, त्यात विद्यावेतन मिळतं. त्यापुढे मेकॅनिकल डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. खरं तर बारावी सायन्सवर ती वाट त्याला आजही खुली आहे, आणि बाबा 'इंजिनिअरिंग'वर अडून बसले तर ती मधली वाट म्हणून वाईट नाही. फक्त मग संध्याकाळी कुठल्यातरी लेथवर हात बसवायची सोय हवी. इंजिनिअरिंगला कुठेतरी, कुठल्यातरी शाखेत, डोनेशन भरून ढकलायला मात्र माझा साफ विरोध आहे. बीसीएसबद्दल काय बोलू? पत्रात एका ओळीनंही तो कॉम्प्युटरकडे वळलेला दिसत नाही.

पत्र्याच्या कामाचाही विचार करा. आयटीआयमध्ये ऑटो बॉडी रिपेअरचा एक वर्षाचा ट्रेड आहे. जुना पत्रा हातोडी-डॉलीनं ठोकून मूळ आकारात आणणारे डेंटर म्हातारे झालेत, नवे पुट्टी भरून मोकळे होतात. पण त्याच्या डब्यांवरून मला तो मापाचा माणूस वाटतो. पत्र्याला डोळा लागतो, लेथला मायक्रोमीटर.

'पेट्रोलच्या गाड्याच राहणार नाहीत' असं त्याचे बाबा कधीतरी म्हणतीलच. लेथवर इलेक्ट्रिक गाडीचाही शाफ्ट निघतो, त्यामुळे ती काळजी नको. आणि इंधन बदललं की जुन्या गाडीचं काम उलट वाढतं. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. गाडी महिनोन्महिने उभी राहिली तर टाकी आतून गंजते. जुन्या नळ्या, कॉकमधले वॉशर, कार्ब्युरेटरची रबरं फुगतात किंवा चिरतात. तुमच्या येझदीत हे सगळं रबर बदलूनच गाडी सुरू करायला सांगा.

गच्चीच्या खोलीबद्दल आईला काळजी हवीच. पेट्रोलचा कॅन खोलीत ठेवायचा नाही आणि भाग पेट्रोलनं धुवायचे नाहीत. रॉकेल किंवा डिझेल वापरावं, दार उघडं ठेवून. जुन्या ब्रेक-लायनरची धूळ फुंकायची नाही, त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्यानं पुसावी.

कागदपत्रांचं काम मुलाकडेच द्या, कारण या धंद्यात निम्मं दुखणं तिथेच असतं. गाडी अजून सासऱ्यांच्या नावावर असणार. मालक वारल्यावर वारसाच्या नावावर करायचा अर्ज फॉर्म ३१. खरं तर तो तीन महिन्यांत द्यायचा असतो. उशिराचा दंड भरावा लागेल. नोंदणीचं नूतनीकरण फॉर्म २५वर, सोबत पर्यावरण कर. २०२१च्या नियमांनी व्हिंटेज गाड्यांना 'व्हीए' अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो, पण त्यासाठी पहिल्या नोंदणीला ५० वर्षं व्हावी लागतात. १९७९च्या गाडीला २०२९ उजाडेल. शिवाय तो नंबर घेतला की गाडी रोज वापरता येत नाही, तेव्हा घाई नको. आणि एक ताकीद : चासी नंबरवर पॉलिश पेपर किंवा ग्राइंडर लावायचा नाही. रंग देण्याआधी त्यावर टेप मारायची. नंबर घासला गेला की कितीही सुंदर केलेली गाडी आरटीओच्या लेखी संशयित होते.

राहिले त्याचे बाबा. त्यांना मी चुकीचं म्हणणार नाही. चोवीस वर्षं गाडीखाली झोपून काम केलेल्या माणसाला 'माझ्या मुलानं हे करू नये' असं वाटतं, त्यामागे पाठदुखी आहे, रात्रपाळ्या आहेत, आणि साहेबानं कधीतरी चारचौघांत केलेला अपमानही असेल. त्यांच्याशी करिअरवर वाद घालू नका. मुलाला एक करायला सांगा. येझदीच्या इंजिनात डाव्या बाजूचं क्रॅंकचं ऑइल सील गेलं की गिअरचं ऑइल आत ओढलं जातं आणि दोन्ही सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो. सील बदलताना ते तिरकं बसलं, तर गाडी जोडून झाल्यावर सगळं पुन्हा खोलावं लागतं. सील हातात घेऊन त्यानं बाबांना विचारावं, 'बाबा, हे सरळ कसं बसवू?' एसटीच्या वर्कशॉपमध्ये त्यांनी किती सीलं बसवली असतील, याची मोजदाद त्यांच्याकडेही नसेल. ते उत्तर देतील. कदाचित रागावून देतील, कदाचित जिना चढून वर येतील.

आयटीआयचे अर्ज भरायची वेळ आलीय, तेव्हा हे लगेच करा. जुलैतल्या दुसऱ्या रविवारी ठिकठिकाणी जावा-येझदीवाले आपापल्या गाड्या घेऊन जमतात. तिथे त्याला पाठवा, गाडी डब्यांत असली तरी. कोण लेथ चालवतं, कोणाचं काम वेळेत होतं, हे त्याला तिथे अर्ध्या तासात कळेल. जमलं तर बाबांनाही सोबत धाडा.

डबे मात्र गाडी सुरू होईपर्यंत परत मागू नका.